जुन्या शिलाई यंत्राची सफाई व दोषनिवारण

जुन्या शिलाई यंत्राची सफाई व दोषनिवारण म्हणजे आधी कोणीतरी वापरलेले, बराच काळ बंद राहिलेले किंवा नीट न चालणारे शिलाई यंत्र तपासणे, स्वच्छ करणे, त्याला तेल देणे व ते पुन्हा शिवण्यायोग्य करणे. बोलीभाषेत या यंत्राला शिलाई मशीन किंवा शिवणयंत्र असेही म्हणतात. 'जाम झालेले' किंवा 'टायमिंग गेलेले' म्हणून अनेक यंत्रे भंगारात काढली जातात. त्यांपैकी बहुतेकांत एकही भाग तुटलेला नसतो. वाळून चिकट झालेले तेल, साचलेला कापसाचा कीस, अडकलेला दोरा, वाकडी किंवा चुकीची सुई आणि वरवरचा गंज ही त्यांच्या बिघाडाची नेहमीची कारणे असतात. म्हणून दोष शोधताना सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करून अवघड दुरुस्तीकडे शेवटी वळणे, हा या कामाचा मूलभूत नियम मानला जातो.

किनारपट्टीच्या प्रदेशात या कामाला विशेष महत्त्व आहे. रायगड जिल्ह्यातील धरमतर खाडीच्या परिसरासारख्या खाऱ्या व दमट हवेच्या भागात बंद पडून राहिलेले यंत्र कोरड्या प्रदेशातील यंत्रापेक्षा लवकर गंजते. घरी ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवून किंवा कपड्यांची दुरुस्ती करून मिळकत करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने यंत्र बंद पडणे म्हणजे उत्पन्न थांबणे होय.

## पार्श्वभूमी

टोकाजवळ छिद्र असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा यांच्या साहाय्याने गाठटाका घालणाऱ्या यंत्राचे अमेरिकन एकस्व एलियस हाउ यांना १८४६ मध्ये मिळाले. आयझॅक सिंगर यांना त्यांच्या सुधारित यंत्राचे एकस्व १८५१ मध्ये मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगर कंपनीची यंत्रे भारतात विकली जाऊ लागली. भारतीय बनावटीच्या यंत्रांचे उत्पादन १९३० च्या दशकात कोलकात्यात सुरू झाले. जय इंजिनिअरिंग वर्क्स या कंपनीचे 'उषा' हे यंत्र पुढे देशभर पोहोचले. पंजाबमधील लुधियाना हे शिलाई यंत्रे व त्यांचे सुटे भाग बनवणारे मोठे केंद्र बनले.

महाराष्ट्रात शिवणकाम हे स्त्रियांच्या स्वावलंबनाचे साधन म्हणून लवकर स्वीकारले गेले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदन या संस्थेत स्त्रियांना शिवणकाम शिकवले जात असे. महात्मा गांधी यंत्रयुगाचे टीकाकार होते, तरी सिंगरच्या शिलाई यंत्राला त्यांनी १९२४ मध्ये आपल्या टीकेतून वगळले होते. केंद्र शासनाच्या सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांमध्ये शिंपीकामाचा समावेश आहे.

घराघरांत आढळणारी काळ्या रंगाची, ओतीव लोखंडाची पायडल किंवा हातचाकाची बहुसंख्य यंत्रे सिंगरच्या 'क्लास १५' या नमुन्यावर आधारलेली आहेत. एकच नमुना अनेक उत्पादकांनी वापरल्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, शटल, सुई व दाते हे भाग आजही सुटे मिळतात आणि बहुधा एका उत्पादकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्राला बसतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे यंत्र दुरुस्त होऊ शकते ते मुख्यतः यामुळे.

## रचना व कार्य

दोष ओळखण्यासाठी टाका कसा पडतो हे समजणे आवश्यक असते. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते. सर्वांत खालच्या बिंदूवरून ती सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर वर आली की तिच्या मागील बाजूस दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. त्याच क्षणी शटलचे टोकदार नाक तो फास पकडते आणि बॉबिन केसभोवती फिरवते. त्यामुळे वरचा दोरा खालच्या दोऱ्याभोवती गुंफला जातो. मग यंत्राच्या पुढील बाजूची वरखाली होणारी दोरा ओढणारी दांडी जास्तीचा दोरा वर खेचून टाका घट्ट करते. सुई कापडाबाहेर आल्यावर प्लेटखालचे दाते वर येऊन कापड पुढे सरकवतात.

या साखळीत पाच गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात: सुईची उंची, फास पकडण्याची वेळ, वरच्या दोऱ्याचा ताण, खालच्या दोऱ्याचा ताण आणि कापडाची सरक. योग्य ताण असेल तर दोन्ही दोऱ्यांची गुंफण कापडाच्या जाडीच्या मध्यावर बसते आणि शिलाई दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

## धरमतर खाडीपट्ट्यातील हवामान व गंज

सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी पाली व नागोठणे या गावांवरून वाहत येऊन धरमतर खाडीला मिळते. ही खाडी पुढे रेवस व करंजा यांच्या दरम्यान मुंबई बंदराच्या समुद्राला मिळते. मुंबईहून धरमतरपर्यंत पूर्वी आगबोटींची वाहतूक चालत असे. खाडीच्या दोन्ही बाजूंना खारेपाटातील भातशेती, मिठागरे, कांदळवने आणि भरतीचे पाणी अडवणारे बांध आहेत. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान तीन हजार मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

लोखंड गंजण्यासाठी पाणी व प्राणवायू पुरेसे असतात. मीठ त्या क्रियेचा वेग वाढवते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील ओलावा शोषून स्वतःच विरघळू लागते. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता बराच काळ या पातळीच्या वर राहते. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याबरोबर यंत्रावर बसलेल्या मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. पाऊस थेट अंगावर न पडताही घरातले यंत्र गंजते ते असे. कापसाचा कीस हा ओलावा धरून ठेवतो, म्हणून गंज प्रथम दात्यांच्या खाली व शटलच्या खोबणीत दिसतो. सतत वापरातल्या यंत्राचे भाग एकमेकांवर घासत राहतात आणि त्यांवर तेलाचा थर टिकतो. त्यामुळे रोज चालणारे यंत्र बंद यंत्रापेक्षा कमी गंजते.

## खरेदीपूर्वीची तपासणी

वापरलेले यंत्र विकत घेण्यापूर्वी काही मिनिटांची तपासणी पुरेशी ठरते.

* दोरा न ओवता हातचाक हळूहळू स्वतःकडे फिरवावे. ते एकसारखे जड वाटल्यास कारण बहुधा वाळलेले तेल असते. एका ठराविक जागी अडत असल्यास दोरा, तुटलेल्या सुईचा तुकडा किंवा वाकलेला भाग असण्याची शक्यता असते.
* सुई धरणारा दांडा बोटांनी पुढेमागे व आडवा हलवून पाहावा. थोडीशी ढिलाई चालते. स्पष्ट खडखडणारी ढिलाई ही झिजेची खूण असून तिच्यावर सफाईने उपाय होत नाही.
* बॉबिन केस जागेवर आहे की नाही आणि तिची पातळ पोलादी पट्टी शाबूत आहे की नाही ते पाहावे.
* शटलचे नाक व खोबण यांवर बोट फिरवावे. खोल खड्डे पडले असतील तर तो भाग बदलावा लागतो.
* सुईखालच्या प्लेटचे छिद्र सुईच्या माराने खरखरीत झाले आहे का ते तपासावे.
* ओतीव लोखंडाच्या स्टँडला किंवा यंत्राच्या पायाला तडा असल्यास यंत्र शक्यतो घेऊ नये. ओतीव लोखंडाला जोड देणे अवघड असते.
* विजेची मोटर असल्यास वायरचे आवरण, प्लग व पायाने दाबायचा नियंत्रक पाहावा.

शेवटची चाचणी प्रत्यक्ष शिवण्याची असते. वर एका रंगाचा व खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घालून दुहेरी सुती कापडावर हातभर शिलाई मारावी. कोणता दोरा कोणत्या बाजूला डोकावतो यावरून ताणाचा दोष लगेच कळतो. सिंगरच्या जुन्या यंत्रांवरील क्रमांकावरून निर्मितीचा काळ ठरवता येतो. १९०० सालापासून या क्रमांकांच्या आधी अक्षरे आढळतात.

## सफाई

### तयारी

जुन्या कापडाचे तुकडे, जुना टूथब्रश, लहान रंगाचा ब्रश, चिमटा, टाचणी, योग्य रुंदीचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, शिलाई यंत्राचे तेल आणि रॉकेल किंवा टर्पेंटाइन एवढे साहित्य लागते. मोटर असल्यास प्लग काढून ठेवावा. सुई काढून घ्यावी. कोणताही भाग उघडण्यापूर्वी त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि काढलेले स्क्रू क्रमाने वाटीत किंवा कागदावर मांडावेत. रॉकेल व टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्याने काम चुलीपासून व दिव्यापासून दूर, हवेशीर जागी करावे.

### दाते व प्लेट

सुईखालची प्लेट बहुधा दोन स्क्रूंवर बसवलेली असते. ती काढल्यावर दात्यांच्या रांगांमध्ये तेल व कीस यांचा नमद्यासारखा घट्ट थर आढळतो. तो इतका दाबला गेलेला असू शकतो की दाते प्लेटच्या वर पुरेसे येत नाहीत आणि कापड सरकत नाही. हा थर टाचणीने सुटा करून चिमट्याने उचलावा. तोंडाने फुंकर मारू नये, कारण त्याने कीस आत जातो आणि श्वासातील ओलावा धातूवर बसतो.

### शटल व बॉबिन केस

सुईदांडा सर्वांत वर आणून यंत्र मागे कलते करावे. बॉबिन केस काढल्यानंतर, यंत्राच्या प्रकारानुसार खटके वळवून किंवा स्क्रू सैल करून शटल धरून ठेवणारे कडे निघते व त्यामागे शटल मोकळे होते. शटलच्या मागे गुंडाळलेला दोरा हे यंत्र 'जाम' होण्याचे अतिशय नेहमीचे कारण आहे. दोरा ओढून न काढता ठिकठिकाणी कापून चिमट्याने काढावा. खोबण रॉकेलात भिजवलेल्या कापडाने पुसून कोरडी करावी. बॉबिन केसच्या पट्टीखाली अडकलेला कणभर कीसही खालच्या दोऱ्याचा ताण बिघडवतो. तो कागदाचा कोपरा पट्टीखालून सरकवून काढता येतो.

### वाळलेले तेल

तेल देऊनही चाक जड फिरत असेल तर जुने तेल वाळून राळेसारखे झालेले असते. अशा वेळी सर्व तेलछिद्रांत व सांध्यांत रॉकेलाचे काही थेंब सोडून हातचाक पुढेमागे हलवत राहावे. पूर्ण अडकलेल्या यंत्राला रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल लावून एक-दोन दिवस ठेवावे लागते. चाक जोराने फिरवू नये आणि हातोडी वापरू नये. मळी तपकिरी रंगाने बाहेर वाहू लागली की ती पुसून पुन्हा रॉकेल सोडावे. रॉकेल हे वंगण नाही. ते जुन्या तेलाबरोबर वंगणाचा थरही धुऊन काढते. त्यामुळे शेवटी प्रत्येक सांध्यात शिलाई यंत्राचे तेल सोडल्याशिवाय यंत्र चालवू नये.

### गंज

वरवरचा गंज तेलात भिजवलेल्या बारीक तारेच्या गोळ्याने किंवा सर्वांत बारीक पॉलिश पेपरने निघतो. शटलचे नाक, दोऱ्याच्या मार्गातील कड्या आणि प्लेटचे छिद्र येथे जाड पॉलिश पेपर वापरू नये. त्याचे ओरखडे दोरा तोडतात. गंजलेला स्क्रू काढताना खाचेत पूर्ण बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा. लहान पडणारा स्क्रूड्रायव्हर खाच फोडतो आणि मग स्क्रू निघणे आणखी कठीण होते.

### बाह्यांग

काळ्या रंगावरील सोनेरी नक्षीवर अनेक जुन्या यंत्रांत लाखेचा पारदर्शक थर दिलेला असतो. स्पिरिटने तो विरघळतो आणि नक्षी पुसली जाते. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेले कापड, त्यानंतर कोरडे कापड व शेवटी तेलाचा हात एवढे बाह्यांगासाठी पुरेसे असते.

## वंगण

शिलाई यंत्राचे तेल हे पातळ, शुद्ध केलेले खनिज तेल असते. घरातील खाद्यतेल त्याऐवजी वापरणे हे यंत्र जाम होण्याचे मोठे कारण आहे. करडई, सोयाबीन, जवस यांची तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होतात व वाळतात. कोकणात सहज हाताशी असलेले खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते आणि दीर्घकाळाने खवट होते.

प्रत्येक तेलछिद्रात व जेथे धातू धातूवर घासतो अशा प्रत्येक सांध्यात एक थेंब तेल सोडावे. त्यानंतर यंत्र दोन-तीन मिनिटे दोऱ्याविना चालवावे, जास्तीचे तेल पुसावे आणि टाकाऊ कापडावर शिलाई मारून तेलाचे डाग थांबल्याची खात्री करावी. रोज वापरातल्या यंत्राच्या शटलला दररोज व इतर ठिकाणी आठवड्यातून एकदा, तर कधीमधी वापरल्या जाणाऱ्या यंत्राला महिन्यातून एकदा तेल पुरते. ताणाच्या चकत्या, पट्टा आणि बॉबिन भरणाऱ्या चाकाचे रबरी कडे यांना तेल लागू देऊ नये.

पायडलचे सांधे, मोठे चाक आणि पायडलला चाकाशी जोडणारी दांडी यांनाही तेलाची गरज असते. पायडल जड चालण्याचे कारण अनेकदा यंत्रात नसून स्टँडमध्ये असते. पट्टा काढून यंत्र व स्टँड वेगवेगळे फिरवून पाहिले की दोष कोणत्या भागात आहे ते स्पष्ट होते. चामड्याचा पट्टा सैल झाल्यास थोडा कापून तारेच्या आकड्याने पुन्हा जोडतात. तो फार ताणून बसवल्यास चाक जड होते.

## दोषनिवारण

### तपासणीचा क्रम

अनुभवी कारागीर दोष शोधताना साधारणपणे पुढील क्रम पाळतात: सुई, दोरा व दोरा ओवण्याची पद्धत, सफाई, तेल, ताण आणि सर्वांत शेवटी टायमिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलून चाचणी घेतली जाते. एकाच वेळी अनेक स्क्रू फिरवल्यास मूळ दोष कोणता होता ते कळत नाही आणि नवे दोष निर्माण होतात.

### सुई

घरगुती यंत्रांत दांड्याची एक बाजू सपाट असलेली १५ × १ प्रकारची सुई वापरतात. औद्योगिक यंत्रांच्या सुईचा दांडा गोल असतो. ती घरगुती यंत्रात बसली तरी टाके सुटतात. सुईची सपाट बाजू शटलच्या नाकाकडे असावी लागते आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवावा लागतो. सुई वरपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळावा. सुई सरळ आहे का ते काचेवर तिची सपाट बाजू ठेवून पाहता येते. काच व सुई यांतील फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे.

सुईचा क्रमांक कापडानुसार बदलतो. पातळ कापडाला ११, मध्यम सुती कापडाला १४, जाड कापडाला १६ आणि फार जाड कापडाला १८ क्रमांकाची सुई वापरतात. याच सुयांवर अनुक्रमे ७५, ९०, १०० व ११० असेही आकडे असतात. ते सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दाखवतात. म्हणजे ९० क्रमांकाची सुई ०.९० मिलिमीटर जाड असते.

### दोरा व ताण

दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला असावा. पाय खाली असताना ताणाच्या चकत्या बंद असतात व दोरा त्यांच्या मध्ये बसत नाही. मग कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. गुंता खाली दिसत असल्याने बॉबिनवर संशय घेतला जातो, पण दोष वरच्या दोऱ्यात असतो.

खालचा ताण तपासण्यासाठी भरलेले बॉबिन केसमध्ये बसवून केस दोऱ्याला लटकवतात. केस आपोआप खाली घसरू नये, पण हाताला हलका झटका दिल्यावर थोडी खाली उतरावी. ती घसरत असल्यास केसवरील लहान स्क्रू किंचित आवळावा. त्यानंतर वरचा ताण जुळवावा. जुना, ओलावा खाल्लेला दोरा हाताने ओढताच तुटत असेल तर तो बदलण्यावाचून उपाय नसतो.

### नेहमीचे दोष

| लक्षण | संभाव्य कारण | उपाय |
|---|---|---|
| कापडाखाली दोऱ्याचे फास | वरचा दोरा चकत्यांत नाही किंवा वरचा ताण कमी | पाय उचलून पुन्हा दोरा ओवणे, ताण वाढवणे |
| वरच्या बाजूला खालचा दोरा दिसणे | वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी | वरचा ताण कमी करणे, बॉबिन केस साफ करणे |
| टाके सुटणे | सुई वाकडी, उलटी किंवा चुकीच्या प्रकारची | नवी योग्य सुई बसवणे |
| वरचा दोरा तुटणे | खरखरीत प्लेट किंवा शटल, जुना दोरा, चाक उलटे फिरणे | दोऱ्याचा मार्ग तपासणे, भाग गुळगुळीत करणे किंवा बदलणे |
| सुई तुटणे | सुई सैल, पाय तिरका, शिवताना कापड ओढणे | सुई व पाय घट्ट बसवणे |
| कापड न सरकणे | दात्यांत कीस, टाक्याची लांबी शून्यावर, पायाचा दाब कमी | सफाई करणे, लांबी व दाब जुळवणे |
| चाक फिरते पण सुई हलत नाही | हातचाकाचा मधला स्क्रू सैल | स्क्रू आवळणे |
| चाक अडणे | शटलमागे किंवा चाकामागे दोरा, वाळलेले तेल | दोरा कापून काढणे, रॉकेल व नंतर तेल सोडणे |

हातचाकाचा मधला स्क्रू बॉबिन भरताना सैल करतात व नंतर तो आवळायचे राहून जाते. त्याखाली कान असलेली एक चकती असते. सफाईनंतर ती उलटी बसली तर स्क्रू आवळूनही सुई हलत नाही किंवा चाक सुटे होत नाही. अशा वेळी चकती काढून उलटवून बसवावी.

### टायमिंग

सुई व शटल यांच्या हालचालींची जुळणी म्हणजे टायमिंग. सुई तळापासून सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर वर आलेली असताना शटलचे नाक सुईच्या छिद्राच्या वर साधारण दीड ते दोन मिलिमीटरवरून जाणे अपेक्षित असते. क्लास १५ प्रकारच्या यंत्रांत ही जुळणी सहसा आपोआप बिघडत नाही. जाड कापडावर सुई आदळून सुईदांडा त्याच्या पकडीत वर सरकला असेल तर ती बिघडते. हा दोष नक्की झाल्याशिवाय सुईदांड्याचा स्क्रू सैल करू नये आणि करण्यापूर्वी दांड्यावर मूळ उंचीची बारीक खूण करावी.

## पुराच्या पाण्यात बुडालेले यंत्र

रायगड जिल्ह्याने जुलै १९८९ मधील अंबा नदीचा पूर, २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आणि ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ अशा आपत्ती अनुभवल्या आहेत. खारेपाटात उधाणाच्या भरतीने बांध फुटून खारे पाणी शेतात व वस्तीत शिरण्याचा धोकाही असतो.

बुडालेल्या यंत्रावर पहिल्या एक-दोन दिवसांत उपचार झाले तर ते बहुधा वाचते. पाणी ओसरल्यावर यंत्र नुसते उन्हात वाळवण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने पाणी जाते, पण मीठ व गाळ सांध्यांत राहतात. प्रथम यंत्राचे डोके स्टँडवरून सुटे करून स्वच्छ गोड्या पाण्याने सर्व बाजूंनी धुवावे. पाणी निथळून कापडाने पुसावे आणि वाऱ्यावर कोरडे करावे. त्यानंतर सर्व सांध्यांत रॉकेल सोडून चाक हलवत राहावे, म्हणजे उरलेले पाणी व गाळ बाहेर येतो. शेवटी भरपूर तेल द्यावे. पुढील काही दिवस रोज चाक फिरवून तपकिरी पाणी किंवा गंज बाहेर येतो का ते पाहावे व पुन्हा तेल सोडावे. ओतीव लोखंडाचा स्टँड तारेच्या ब्रशने घासून त्याला रेड ऑक्साइड व रंग देता येतो. फुगलेली प्लायवूडची फळी मात्र बदलावी लागते.

बुडालेली मोटर किंवा पायाचा नियंत्रक वाळल्यासारखा दिसला तरी विजेला जोडू नये. आतील ओलावा व मीठ यांमुळे विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. मोटर काढून टाकून तेच यंत्र पायडलवर किंवा हातचाकावर चालवता येते.

## विजेवर चालणारी यंत्रे

जुन्या मोटरमधून जळका वास येणे, सतत मोठ्या ठिणग्या दिसणे किंवा नियंत्रकावरून पाय काढल्यावरही मोटर चालू राहणे ही धोक्याची चिन्हे आहेत. कार्बन ब्रश झिजले असल्यास ते बदलता येतात. वायरचे आवरण तडकले असल्यास वायर पूर्ण बदलावी, केवळ चिकटपट्टी लावू नये. मोटर गरम होऊन थांबत असेल तर आधी पट्टा काढून यंत्र हाताने फिरवून पाहावे. अनेकदा मोटर निर्दोष असते आणि चिकटलेले यंत्र ओढताना तिच्यावर भार येत असतो.

अलीकडील हलक्या यंत्रांत प्लास्टिकचे दाते असलेली चक्रे व इलेक्ट्रॉनिक भाग असतात. त्यांना रॉकेल लावू नये व उत्पादकाने सांगितलेल्या ठिकाणांखेरीज तेल देऊ नये.

## पावसाळ्यातील जपणूक

पावसाळ्यापूर्वी यंत्राची पूर्ण सफाई करून उघड्या धातूवर तेलाचा पातळ हात फिरवावा. यंत्र प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नये, कारण आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. सुती कापडाचे आवरण अधिक योग्य असते. यंत्र मातीच्या भिंतीपासून व खिडकीपासून थोडे दूर ठेवावे. शिवायचे काम नसले तरी आठवड्यातून एकदा चाक फिरवल्यास सांध्यांत तेल पसरते. पुराचा इशारा असल्यास पूर्ण यंत्र हलवण्याची गरज नसते. डोके मागच्या बिजागरीचे स्क्रू सैल करून सुटे करता येते. त्याचे वजन साधारण दहा ते पंधरा किलो असल्याने ते माळ्यावर ठेवता येते. स्टँडला पाणी लागले तरी त्याचे नुकसान भरून काढता येते.

## दुरुस्तीची मर्यादा

सफाई, तेल, सुई व ताण यांनी जे दोष जात नाहीत ते बहुधा झिजेचे असतात. शटल, बॉबिन केस, दाते व प्लेट हे भाग बदलणे स्वस्त व सोपे असते. सुईदांड्याची भोके झिजून मोठी होणे, मुख्य दांडा वाकणे किंवा ओतीव शरीराला तडा जाणे यांवरील खर्च अनेकदा दुसऱ्या जुन्या यंत्राच्या किमतीएवढा होतो. अशा यंत्राचे चांगले भाग काढून ठेवणे उपयुक्त ठरते, कारण समान नमुन्यामुळे ते दुसऱ्या यंत्राला वापरता येतात. यंत्र या गटात मोडते की नाही हे सफाई पूर्ण झाल्यानंतरच ठरवता येते. मळलेल्या यंत्राचा जडपणा व आवाज आणि झिजलेल्या यंत्राचा जडपणा व आवाज बाहेरून सारखेच भासतात.

## हेही पहा

* शिलाई यंत्र
* शिवणकाम
* गंज
* वंगण
* अंबा नदी
* धरमतर